प्रेअरी डॉगच्या शिकारीला पहिल्यांदा जाताना

नावात डॉग असला तरी हा कुत्रा नाही, खारीच्या कुळातला प्राणी आहे. वजन किलो-सव्वा किलो, दोन पायांवर उभा राहिला की जेमतेम फूटभर. धोका दिसला की भुंकल्यासारखा आवाज काढतो, त्यावरून हे नाव पडलं. सप्टेंबर १८०४ मध्ये अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतल्या माणसांनी एक जिवंत पकडण्यासाठी बिळात पिंपं भरभरून पाणी ओतलं होतं. जवळजवळ दिवस घालवल्यावर एक हाती लागला. एवढासा जीव आपल्याला दमवतो, याची नोंद तेव्हापासूनची आहे.

साउथ डकोटा, वायोमिंग, मोंटाना इथल्या गवताळ माळावर त्यांच्या वस्त्या असतात. तिथले लोक वस्तीला ‘टाउन’च म्हणतात. रँचवाल्यांची, म्हणजे मोठ्या कुरणांवर गाई पाळणाऱ्यांची, तक्रार अशी की हे गाईंचं गवत खातात आणि माळाची चाळण करतात. विदर्भातला शेतकरी रोही आणि रानडुकरांबद्दल ज्या सुरात बोलतो, त्याच सुरात हे बोलणं चालतं. दुसरी बाजूही खरी आहे: काळ्या पायांचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लहान शिकारी प्राणी) जवळजवळ पूर्णपणे प्रेअरी डॉगवर जगतो. तो नामशेष झाला असंच समजत होते, पण १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीट्सीजवळ एका रँचवरच्या कुत्र्याने एक मारून घरी आणला आणि जात शिल्लक असल्याचं कळलं. दोन्ही बाजू माहीत करून घ्या आणि मग जायचं की नाही ते ठरवा. ज्यांना हे पटत नाही त्यांना मी समजवायला जात नाही.

मी नेब्रास्कातल्या ओमाहात राहतो आणि चार उन्हाळे साउथ डकोटाच्या पश्चिम भागात गाइडबरोबर गेलो आहे. पहिल्या वर्षी सकाळी अकरापर्यंत माझे दीडशेच्या वर बार झाले होते आणि लागलेल्या गोळ्या बोटांवर मोजण्याइतक्या. बंदूक चांगली होती, गाइडही चांगला होता. मी मात्र घरी करायचं काम माळावर करत होतो. आपल्याला किती लांबचं मारता येतं, हा आकडा घरून निघण्याआधी ठरलेला पाहिजे. खाली सांगितलेलं बरंचसं त्या एका आकड्यासाठी आहे.

आधी कागद, मग बंदूक

हा भाग एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांनी दोनदा वाचावा. ग्रीन कार्डवाले आणि नागरिक पुढे गेले तरी चालेल.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. त्याला काही मोजके अपवाद आहेत. आपल्या कामाचा अपवाद असा: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना तुमच्याकडे हवा. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. ‘जवळ बाळगणं’ म्हणजे फक्त मालकी, असं समजू नका. मित्राची रायफल हातात घेणं, रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक चालवणं, गाडीच्या डिकीत काडतुसांचा डबा असणं, हे सगळं त्यात येऊ शकतं. आपल्यातले कितीतरी जण ऑफिसच्या मित्रांबरोबर शनिवारी गंमत म्हणून रेंजवर जातात आणि हे त्यांच्या गावीही नसतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी परवाना, मग रेंज, मग खरेदी. दुकानात भरायच्या फॉर्मवर व्हिसाचा प्रश्न असतो. तिथे अपवादाचं खरं उत्तर द्या आणि परवान्याची प्रत दाखवा. आय-९४, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद, जवळ असू द्या. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल, तर या कामासाठी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा पैसे देऊन विचारा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका, माझ्या या लेखावरही विसंबू नका.

साउथ डकोटाचा परवाना राज्याच्या गेम, फिश अँड पार्क्स खात्याकडून ऑनलाइन मिळतो. बाहेरच्या राज्यातल्यांसाठी वेगळा प्रकार आणि वेगळं शुल्क असतं, त्यामुळे त्या वर्षीची माहिती त्यांच्या साइटवरच बघा. रोझबडसारख्या आदिवासी राखीव प्रदेशात शिकार करायची असेल तर तिथल्या जमातीचा स्वतंत्र परवाना लागतो, राज्याचा चालत नाही. खासगी जमिनीवर जमीनमालकाची परवानगी लागते आणि गाइडला आपण पैसे देतो ते बऱ्याच अंशी या परवानगीचेच. सार्वजनिक गवताळ प्रदेशांत पिल्लांच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत, बंदी असते. बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँडमधलं कोनाटा बेसिन फेरेटसाठी राखलेलं आहे, तिथे प्रेअरी डॉगवर गोळी चालवायचीच नाही. बॅडलँड्स नॅशनल पार्कमध्ये तर कुठलीच शिकार नाही.

हंटर एज्युकेशनचा कोर्स तुमच्या वयाला सक्तीचा असो वा नसो, करून टाका. मी पस्तिशी ओलांडल्यावर बारा वर्षांच्या मुलांबरोबर बसून केला. लाज वाटली, पण कुंपण ओलांडताना बंदूक कशी धरायची हे तिथेच कळलं.

गाइडला फोन करताना

ईमेलपेक्षा फोन बरा, माणूस कळतो. किती पैसे, हे तर विचारालच. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एका गाइडमागे किती शिकारी असतात, रायफल टेकवून बसायची फिरणारी बेंचेस तुम्ही देता की आम्ही आणायची, जेवण-राहणं धरलंय का, आणि भाड्याने रायफल मिळेल का. नवख्याने भाड्याची रायफल घेण्यात काही कमीपणा नाही, फक्त ती कुठल्या काडतुसाची आहे ते आधी विचारून घ्या.

मग विचारा, त्या टाउनवर गेल्या महिन्याभरात किती लोक येऊन गेले? सतत गोळ्या झेललेले प्रेअरी डॉग गाडीचं दार वाजलं तरी बिळात जातात आणि दोनशे यार्डांच्या (यार्ड म्हणजे तीन फूट) आत येऊच देत नाहीत. नवख्याला अशी वस्ती नको. यंदा तिथे विष घातलंय का, प्लेगने वस्ती संपली आहे का, हेही विचारा. प्लेग म्हणजे आपल्या पुण्यात १८९७ ला होता तोच. पिसवांमधून पसरतो आणि एखादं टाउन बघता बघता रिकामं करतो. सरळ उत्तर देणारा गाइड धरावा. “भरपूर आहेत, काळजी नको” एवढंच म्हणणाऱ्याला मी परत फोन केलेला नाही.

शाकाहारी असाल तर याच फोनवर सांगा. मी एका वर्षी सांगितलं नाही, आणि तीन दिवस दोन्ही वेळा चीज सँडविच खाल्लं. रँचवरच्या स्वयंपाकघरात स्टेक हाच वरणभात. आता मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा घेऊन जातो. चिवडा मात्र बेंचवर उघडू नका, वाऱ्यावर निम्मा उडून जातो.

रायफल आणि काडतुसं

इथे इंटरनेटवर जन्म जाईल, म्हणून थोडक्यात सांगतो. पहिल्या सहलीला २२३ रेमिंग्टन या काडतुसाची, जड नळीची बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हाताने दांडा मागे-पुढे करायची रायफल. (पुढचे असे आकडेही काडतुसांचीच नावं आहेत.) काडतूस सगळीकडे मिळतं, धक्का कमी बसतो, आणि धक्का कमी म्हणजे आपली गोळी कुठे पडली ते स्कोपमधून, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीतून, आपल्यालाच दिसतं. शिकण्याच्या दृष्टीने याच्याइतकी मोलाची गोष्ट नाही. २२-२५० जास्त वेगवान आहे, लांबवर सपाट जाते, पण नळी लवकर तापते आणि लवकर झिजते. २०४ रुगरही छान. जवळच्या कामाला १७ एचएमआर किंवा साधी पॉइंट टू-टू सोबत असावी. मोठी रायफल गार होईपर्यंत हात रिकामा राहत नाही आणि खर्चही आवरतो.

गोळी हलकी, प्लास्टिकच्या टोकाची, लागताच फुटणारी घ्या, २२३ साठी ४० ते ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). ती दगडावरून उसळून पुढे जाण्याची शक्यता कमी असते. मेलेल्या प्रेअरी डॉगवर ससाणे आणि गरुड येतात आणि शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात, म्हणून मी दोन वर्षांपासून तांब्याच्या गोळ्या वापरतो. महाग पडतात. काडतुसं घेताना डब्यावरचा लॉट नंबर बघा आणि सगळे डबे एकाच लॉटचे घ्या. लॉट बदलला की गोळी दुसरीकडे पडू शकते, आणि हे तुम्हाला नेमकं माळावर कळतं.

किती न्यायची? जुने लोक दिवसाला तीनशे-चारशे सांगतात. मी नवख्याला दिवसाला दोनशे आणि पॉइंट टू-टूचा पाचशेचा एक डबा सांगेन. जास्त असली की माणूस विचार न करता चाप ओढतो. विमानाने जाणार असाल तर बऱ्याच एअरलाइन माणशी ११ पौंड, म्हणजे साधारण ५ किलोच काडतुसं नेऊ देतात. २२३ चं एक काडतूस १२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे खोक्यांचं वजन धरून चारशेच्या आत. रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इनला जाहीर करून. हँडबॅगेत चुकूनही एक काडतूस राहू देऊ नका, खिसेही उलटे करून बघा.

स्कोप सोळा किंवा चोवीसपट मोठं दाखवणारा पुरे. डब्यावरच्या आकड्यापेक्षा पॅरलॅक्स (डोळा हलला की स्कोपमधली रेषा लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते ते) जुळवायची सोय आहे का ते बघा. आणि नेम सरकवायच्या कोनाची एक पट्टी ठरवा, एमओए किंवा मिल. स्कोपच्या आतल्या रेषा मिलमध्ये आणि बाहेरची फिरकी एमओएमध्ये, असा संसार करू नका.

आता तो आकडा

चांगली रायफल १०० यार्डांवर एका इंचात गोळ्या टाकते. तेच ३०० वर तीन इंच होतं, ४०० वर चार. प्रेअरी डॉगची रुंदीही तेवढीच, साधारण चार इंच. म्हणजे वारा शून्य आणि तुम्ही अचूक असलात तरी ४०० यार्डांच्या पुढे रायफलच अधूनमधून चुकणार. आता वारा घाला. ताशी १० मैलांचा आडवा वारा २२३ च्या ५५ ग्रेनच्या गोळीला ३०० यार्डांवर नऊ-दहा इंच बाजूला नेतो. म्हणजे दोन प्रेअरी डॉग शेजारी बसतील एवढं, किंवा त्याहूनही थोडं जास्त. डकोटाच्या दुपारी १० मैलांचा वारा म्हणजे झुळूक. २० मैलांचा असेल तर हे सगळं दुप्पट.

खाली पडण्याचं गणित त्यामानाने सोपं आहे. २०० यार्डांवर झीरो केलं, म्हणजे तिथे गोळी नेमकी नेमावर लागेल असा स्कोप जुळवला, तर ३०० वर गोळी सहा-सात इंच खाली जाते. हे तक्त्यात मिळतं, मोबाइलवर मिळतं, एकदा पाठ झालं की झालं. वाऱ्याचा तक्ता असा पाठ होत नाही, कारण तो तुमच्यापाशी एक असतो, मध्ये दुसरा आणि टाउनवर तिसरा.

म्हणून निघण्याआधी दोन महिने, आठवड्यातून एकदा असा सराव करा. चार इंचांचं वर्तुळ कापून घ्या, वाटीच्या तोंडाएवढं. बेंचवरून, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि मागे वाळूची पिशवी, जशी माळावर असेल तशीच बैठक. १०० यार्डांवर दहा गोळ्या. आठ आत गेल्या तर १५० वर जा, मग २००, मग २५०. आठाच्या खाली आलात की थांबा. आदला आकडा ही तुमची हद्द. मी तो पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून दस्त्यावर, गालाजवळ चिकटवतो, म्हणजे नेम धरताना विसरता येत नाही. पहिल्या वर्षी सराव केला असता तर माझा आकडा २०० आला असता. मी ३५० वर मारत होतो.

सराव वाऱ्याच्या दिवशी मुद्दाम करा. शांत दिवस बघून रेंजवर जाणारे लोक स्वतःचंच कौतुक करून घरी येतात. प्रत्येक गोळीआधी वारा किती वाटतो तो आकडा वहीत लिहा, मग हातातल्या यंत्राने मोजा. दोन-तीन आठवड्यांत डोळा तयार होतो. गवताचं टोक नुसतं हलतंय, गवत लवतंय, टोपी धरावी लागतेय, याची तुमची स्वतःची मोजपट्टी तयार झाली पाहिजे. ऊन चढल्यावर स्कोपमधून लक्ष्याच्या खाली हवेच्या लाटा दिसतात. त्या सरळ वर उकळत असतील तर आडवा वारा नाही. एका बाजूला वाहत असतील तर वारा तिकडे. हे कळायला मला दुसरा उन्हाळा लागला.

पिशवीत काय

कानांसाठी दुहेरी संरक्षण: आत फोमचे बोळे, वर मफ. रायफलचा एक बार १४० डेसिबलच्या वर जातो आणि तेवढ्याने कायमची इजा होऊ शकते. शेजारच्याच्या रायफलीला मझल ब्रेक (धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला लावतात ते, त्याने आवाज वाढतो) असेल तर बेंच लांब मागून घ्या. डोळ्यांना गॉगल. घोट्याच्या वरपर्यंत येणारे जाड बूट, कारण प्रेअरी रॅटलस्नेकला या बिळांचा आसरा आवडतो, आणि आडवं झोपून नेम धरायला जाड सतरंजी, कारण जमिनीलगत निवडुंग असतो आणि तो दिसत नाही. डासांचं-गोचिडांचं औषध, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद टोपी, माणशी दिवसाला चार लिटर पाणी. नळी साफ करायची काठी न्याच. अडकलेलं काडतूस बाहेर ढकलायलाही तीच लागते. आणि एक जाकीट. जुलैतही गारपीट होते.

ओमाहाहून साउथ डकोटातल्या वॉल गावापर्यंत सात तास लागतात. आय-२९ हायवेने वर, सू फॉल्सला आय-९०, चेंबरलेनला मिझुरी नदी. मर्डोच्या पुढे घड्याळ एक तास मागे जातं. मी पहिल्यांदा पहाटे साडेचारला गाइडच्या दारात उभा होतो आणि त्याचे साडेतीन वाजले होते. त्याने कॉफी दिली, पण बोलला नाही.

माळावर

पोहोचल्यावर पहिलं काम १०० यार्डांवर झीरो तपासणं. प्रवासात स्कोप हलतो. ओमाहा समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर, इथे दोन-अडीच हजार. हवा थोडी विरळ, त्यामुळे लांबवर थोडा फरक पडतो. पाच गोळ्या खर्च करा, कुरकुर करू नका.

सकाळी ऊन पडलं की प्रेअरी डॉग बाहेर येतात. भर दुपारी आत जातात आणि चारनंतर पुन्हा दिसू लागतात. वाराही सकाळी कमी असतो. लांबचं काय ते सकाळी नऊ-दहापर्यंत उरका, दुपारी जवळचं आणि पॉइंट टू-टू. जोडीदार असेल तर आळीपाळीने करा, एकाने नेम धरायचा आणि दुसऱ्याने मोठ्या दुर्बिणीतून धूळ कुठे उडाली ते सांगायचं. आमच्यात मोजमाप प्रेअरी डॉगचंच असतं: “दीड कुत्रा डावीकडे.” इंचांपेक्षा हे पटकन कळतं.

मातीच्या उंचवट्यावर, क्षितिजाच्या रेषेवर उभा असलेला कितीही सोपा दिसला तरी सोडून द्यायचा. गोळीमागे माती दिसली पाहिजे. टेकाडापलीकडे गाई आहेत, पाण्याची टाकी आहे की कुणाचं घर, हे तुम्हाला माहीत नाही. कुणीही बेंचच्या पुढे गेलं की सगळ्यांचे बोल्ट उघडे आणि हात रायफलीपासून दूर. गाइड नसतानाही.

टाउनमध्ये छोटी घुबडं राहतात, पिंगळ्यासारखी, बिळाच्या तोंडाशी उभी. स्कोपमध्ये तीही भुऱ्या रंगाची आणि फूटभराच्या आतच. त्यांना १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने संरक्षण आहे. पाय लांब असतील, मान गोल फिरत असेल, तर बोट चापावरून काढा. शंका असली तरी काढा.

वीस एक गोळ्या झाल्या की नळीला हात लावून बघा. पाच सेकंद धरवत नसेल तर ती रायफल बाजूला. गरम नळीने मारत राहिलात तर गोळ्या विखुरतात, आणि नळीचं आयुष्य जातं ते वेगळंच.

मेलेल्या प्रेअरी डॉगला हात लावू नका, फोटोसाठीही नाही. अंग गार पडलं की पिसवा दुसरं अंग शोधतात. जखमी दिसला तर दुसरी गोळी लगेच, तो अर्धवट सोडून नव्यावर नेम धरायचा नाही. तो बिळात गेला आणि तुम्हाला खात्री नसेल, तर वहीत तसं लिहा आणि पुढच्या बाराला पन्नास यार्ड जवळचा निवडा.

ढग जमले की गाइडशी वाद घालू नका. सपाट माळावर तुम्हीच सगळ्यात उंच असता, आणि पाऊस पडला की तिथली चिकणमाती, जिला ते गंबो म्हणतात, चाकांना अशी धरते की चारही चाकं फिरणारा पिकअपही हलत नाही. कोरडं असेल तर उलटी काळजी: उंच वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका, खालच्या गरम भागाने पेट घेतो.

गेट उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. गाइडला सहलीच्या रकमेच्या दहा ते वीस टक्के टीप देण्याची रीत आहे. ती रोख ठेवा, आसपास एटीएम नसतं. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात घाला आणि गोचीड बघायला गुडघ्यामागे व काखेत आरसा धरा.

निघण्याआधी रिकामी काडतुसं उचला. गाई चरताना जमिनीवरचा धातू गिळतात आणि आजारी पडतात, त्यामुळे रँचवाला पुढच्या वर्षी बोलावणार की नाही हे बऱ्याचदा यावरच ठरतं. बार झाला की काडतूस लगेच त्याच डब्यातल्या त्याच खाचेत उलटं ठेवत जा. संध्याकाळी जितक्या खाचा रिकाम्या, तितकी अजून गवतात आहेत.